साखर म्हणावी की जेली

धाकट्याचं काम समजावून सांगायला लागलं की समोरच्याला हमखास जांभई यायची, म्हणून त्याने ते केव्हाच सोडून दिलं होतं. कुणी विचारलंच तर तो एवढंच म्हणायचा, "कस्टममध्ये आहे. मालाला नाव देतो." त्यावर त्याची बायको म्हणायची, "नाव देत नाहीत, नावं ठेवतात. घरी पण तेच." पाहुणे हसायचे आणि विषय तिथेच संपायचा.

पण काम खरंच तेवढंच होतं. बंदरात जो माल उतरतो त्याला कायद्याच्या जाडजूड पुस्तकात कुठल्या तरी प्रकरणात एक जागा असते आणि त्या जागेवरून कर ठरतो. धाकट्याकडे साखरेचं प्रकरण होतं. साखर म्हणजे साखर, त्यात काय ठरवायचं, असं घरात बसणाऱ्याला वाटतं. पण कच्ची साखर वेगळी, शुद्ध वेगळी, मळी वेगळी, ग्लुकोजचा पाक वेगळा, चघळायच्या गोळ्या वेगळ्या. त्याच गोळीला कोकोचा हात लागला की ती साखरेच्या प्रकरणातून उठून पुढच्या प्रकरणात जाऊन बसते. खोकल्याची गोळी औषध की खाऊ, यावर त्याने माणसांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलं होतं. यातली सगळ्यात महागात पडणारी जागा होती साध्या साखरेची. देशातले कारखाने टिकावेत म्हणून बाहेरून येणाऱ्या साखरेवर जबर कर होता. त्यामुळे आपली साखर ही साखर नाहीच, हे पटवून देण्यात पुष्कळ हुशार माणसांची हयात गेली होती.

केस पांढरे व्हायला लागले तरी त्याचं 'धाकटा' हे नाव सुटलं नव्हतं, त्याला कारण त्याची मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं. शाळेचा डबा तिने भरला, परीक्षेच्या वेळी पहाटे तिने उठवलं, त्याचं लग्नही तिनेच जमवलं. ती चारचौघांत त्याला 'ए धाकट्या' म्हणून हाक मारायची आणि तो मुकाट्याने ओ द्यायचा. ऑफिसातल्या लोकांनी एकदा फोनवर ते ऐकलं आणि तेव्हापासून तिथेही तो पाठीमागे धाकटाच झाला.

ताईने आयुष्यभर शिलाई केली. ज्या कारखान्यात ती गणवेश शिवायची तो बंद पडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईला मशीनवर कोण घेणार? नवरा नव्हता, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. काही महिने ताई घरात बसली. बसली म्हणजे अक्षरशः बसली. खिडकीशी खुर्ची ओढायची आणि रस्त्याकडे बघायचं. भावाने मदत देऊ केली तर नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं करायची. "मला हातपाय आहेत अजून," म्हणायची.

मग एक दिवस तिला काम मिळालं. बंदराच्या मागच्या रस्त्याला एका गोदामात चाळायचं काम होतं. पंधरवड्यात तिने तिथलं सगळं हातात घेतलं आणि मालकाने तिला आठ बायकांवर मुकादम केलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी ताईला विचारून काम करत होतं. तिची चालच बदलली. बोलताना ती मधेच "आमच्या बायका" असं म्हणायची आणि ते म्हणताना तिची मान जराशी ताठ व्हायची.

एका रविवारी ती भावाकडे जेवायला आली. धाकट्याच्या बायकोने सहज विचारलं, "ताई, तिथे नक्की काय चाळता हो?"

"अगं, साखर," ताई म्हणाली. "मोठं यंत्र आहे चाळायचं. एका तोंडाने पोतं ओतायचं. थडथड थडथड हलतं. खाली साखर पडते, वर तुकडे राहतात. काचेच्या चुऱ्यासारखे, पिवळट. साखर एका बाजूला भरायची, तुकडे दुसऱ्या बाजूला."

"तुकड्यांचं काय करता?" हे धाकट्याने विचारलं.

"काय करणार? परत पोत्यात. ते जातात माघारी, जिथून आले तिथेच. पोत्यांची तोंडं मीच शिवते. दुसऱ्या कुणाचा टाका मला पसंत पडत नाही."

"पोत्यांवर काय लिहिलेलं असतं?"

"येताना होय? जेलीची पावडर." ताई हसायला लागली. "आमच्यातली एक म्हणते, एवढी पोती चाळली, जेली काही कुठे दिसली नाही."

सगळे हसले. धाकटाही हसला, पण त्याचा घास तोंडातच फिरत राहिला. जेलीच्या पावडरीची ती पोती त्याने स्वतः सोडली होती, आणि एकदा नाही, चांगली तीन-चार वेळा. जेलीची पावडर म्हणजे तयार खाद्यपदार्थ, साखरेच्या प्रकरणाबाहेरचा, कर नावापुरता. कागद चोख होते, तपासायचं कारण नव्हतं, त्याने सही केली होती. आता ताटावर बसून त्याच्या लक्षात आलं की जेली ज्याने गोठते त्या जिलेटिनचे तेच ते तुकडे साखरेला सोबत करत बंदरात येत होते आणि साखर आत सोडून एकटे परत जात होते.

"काय रे, भाजी खारट झालीय का?" ताईने विचारलं.

"नाही, चांगली आहे," तो म्हणाला.

पुढची खेप बंदराला लागली तेव्हा कागद नेहमीसारखे त्याच्या टेबलावर आले. ते घेऊन आला तो क्लिअरिंग एजंट, म्हणजे मालकाच्या वतीने कस्टमचं काम करणारा. ऑफिसात त्याला सगळे साखरपेऱ्या म्हणत. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याने खिशावर हात ठेवावा.

"साहेब, नेहमीचंच आहे," साखरपेऱ्या म्हणाला. "तुम्ही डोळे मिटून सही केलीत तरी चालेल."

"आजपर्यंत तेच केलं," धाकटा म्हणाला आणि कागद ठेवून घेतले.

साखरपेऱ्या गेल्यावर तो उठला आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेला. मोठ्या बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. कमी बोलायच्या, पण ज्याला झापायचं त्याला दार उघडं ठेवून झापायच्या.

"बाई, या जेलीच्या पावडरीची पोती मला उघडायची आहेत," तो म्हणाला. "पण आधी एक सांगायचंय. ज्या गोदामात हा माल जातो तिथे माझी बहीण कामाला आहे."

बाईंनी चष्मा काढला. "मग फाईल दुसऱ्याकडे देऊ?"

त्याला 'द्या' म्हणायचं होतं. 'द्या' म्हटलं की तो मोकळा होता. पण दुसरा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा, आणि तो सही करून झाल्यावर कागद वाचायचा. फाईल तिकडे गेली असती तर माल संध्याकाळपर्यंत गोदामात पोचला असता आणि ताईचं काम चालू राहिलं असतं. धाकट्याच्या मनात हे येऊन गेलं आणि असं आपल्या मनात आलं याचीच त्याला लाज वाटली.

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

"बहिणीने काही सांगितलंय का?"

"सांगितलंय. जेवताना, सहज. पण ते मला वापरायचं नाही."

"मग वापरू नका," बाई म्हणाल्या. "पोती उघडा. माल काय सांगतो तेवढंच लिहा. निर्णयावर सही माझी राहील, तुमची नको. आणि हे सगळं बाहेर बोलायचं नाही, घरी तर नाहीच."

असं म्हणून त्यांनी चष्मा लावला. म्हणजे आता जा.

बंदराच्या शेडमध्ये जाऊन धाकट्याने पोत्यांमधून नमुने काढले. पोत्यात खुपसायची एक पोकळ सळई असते, तिने वरचा, मधला आणि तळाचा माल वेगवेगळा घेतला. नुसत्या डोळ्यांनीही साखरेचे बारीक दाणे आणि त्यांच्यात जिलेटिनचे मोठाले तुकडे दिसत होते. रंग नाही, वास नाही. साखरपेऱ्याने सांगितलं होतं, रंग आणि स्वाद गिऱ्हाईक आपल्या आवडीने घालतं.

पण प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाने त्याची निराशा केली. "यात साखर खूप आहे, हे खरंय," तो म्हणाला. "पण दुकानातलं जेलीचं पाकीट आणा, त्यातही जवळजवळ एवढीच निघेल. जेलीची पावडर म्हणजे बहुतेक साखरच असते हो. आकड्यांवर गेलात तर तो एजंट तुम्हाला उभा चिरेल."

धाकट्याने कपाळावर हात मारला. गोदामात काय चालतं ते त्याला ठाऊक होतं, पण ते बोलायचं नव्हतं. आणि बोलून उपयोगही नव्हता. कायदा सांगतो की माल उतरताना जसा आहे तसा बघायचा. उतरल्यावर मालक त्याचं काय करतो, चाळतो की जाळतो, याच्याशी कस्टमला देणंघेणं नसतं. म्हणजे ताईने सांगितलेलं सगळं खरं असूनही तराजूत शून्य वजनाचं होतं.

त्या संध्याकाळी त्याचं तोंड बघून बायकोने विचारलं, "ऑफिसात काही बिनसलंय?"

घरी बोलायचं नाही हे त्याला आठवत होतं. तो सांभाळून एवढंच म्हणाला, "एक वस्तू आहे. ती म्हणते मी अमुक आहे. ती खरंच अमुक आहे का, ते कसं ओळखायचं?"

"अमुक म्हणजे?"

"समज, जेली."

"मग जेली करून बघा की," बायको म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

धाकटा बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. शेवटी ती म्हणाली, "काय झालं? पिठाचा हात लागलाय का तोंडाला?"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत चहाच्या शेगडीवर पाणी तापलं. पोत्यावर कृती छापलेली होती, अमुक माल, तमुक गरम पाणी, ढवळा आणि थंड करा. रसायनतज्ज्ञाने नाक मुरडलं, पण वजन मात्र काटेकोर करून दिलं. एका वाटीत पोत्याच्या वरच्या भागातला माल, दुसरीत मधला, तिसरीत तळाचा. चौथ्या वाटीत दुकानातून आणलेल्या साध्या जेलीचं पाकीट. चारही वाट्यांवर चिठ्ठ्या चिकटवून त्या नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. दारावर रसायनतज्ज्ञाने लिहिलं, 'खाऊ नये'. कारण ऑफिसातल्या लोकांना तो ओळखून होता.

सुनावणीला मालक स्वतः आला होता. थकलेला, साधासा माणूस. लबाड माणूस म्हणून धाकट्याने डोळ्यांपुढे जे चित्र उभं केलं होतं त्याच्याशी तो अजिबात जुळत नव्हता. बोलायचं काम साखरपेऱ्याच करत होता.

"बाई, नियम तुमचाच आहे," साखरपेऱ्या म्हणाला. "माल उतरताना जसा आहे तसा पाहायचा. यात साखर आहे, जिलेटिन आहे. दोन्ही मिळून काय होतं? जेली. पुढे आमचे मालक तिचं काय करतात, हा त्यांचा खासगी प्रश्न."

"अगदी बरोबर," मोठ्या बाई म्हणाल्या. "उतरताना जसा होता तसाच पाहिलाय. आणा ते."

वाट्या टेबलावर आल्या. धाकट्याने आधी दुकानातल्या पाकिटाची वाटी ताटलीत उपडी केली. लालसर जेली थरथरली आणि शहाण्यासारखी उभी राहिली. मग त्याने तळाच्या मालाची वाटी उपडी केली. ताटलीभर गोड पाणी पसरलं, मोठ्या बाईंच्या फायलीपर्यंत गेलं आणि त्यांनी फाईल पटकन उचलली. मधल्या वाटीतून एक लिबलिबीत ऐवज निघाला आणि बसकण मारून पडून राहिला. वरच्या मालाची वाटी तर उपडी करूनही काही निघेना. धाकट्याने ती टेबलावर आपटली तेव्हा एक पिवळट गोळा टणकन बाहेर आला, एकदा उसळला आणि साखरपेऱ्याच्या मांडीवर जाऊन पडला.

कुणी हसलं नाही. हसण्याची सोयच नव्हती, कारण मोठ्या बाई गंभीर होत्या.

"बोटीत हेलकावे बसले की बारीक साखर खाली झिरपते आणि मोठे तुकडे वर येतात," धाकटा म्हणाला. "खरी जेलीची पावडर बारीक दळलेली असते, साखर आणि जिलेटिन सारख्याच आकाराचं, म्हणून ती एकजीव राहते. हे मिश्रण एकजीव नाही, एका पोत्यात घातलेल्या दोन वस्तू आहेत. छापलेल्या कृतीने याची जेली होत नाही. होतं ते सरबत, नाही तर रबर."

"साहेब, पोतं नीट हलवून घ्यायचं असतं," मालक पहिल्यांदाच बोलला. आवाज अगदी खाली गेलेला.

"हलवलं की आणखीच वेगळं होतं. करून बघू या का?"

मालकाने मान हलवली, नको म्हणून. त्याच्याही डोळ्यांसमोर ते थडथडणारं यंत्र आलं असावं.

निर्णय झाला. माल साखरेच्या प्रकरणात गेला, नाव 'साखर, थोडं जिलेटिन मिसळलेली', आणि खाली मोठ्या बाईंची सही. मालकाला वरच्या न्यायाधिकरणाकडे जायची मुभा होती, पण तो गेला नाही. त्याने ती खेप आल्या वाटेने परत पाठवली. खेप नाही म्हटल्यावर चाळायला काही उरलं नाही आणि गोदामाला कुलूप लागलं.

हे सगळं होईल हे धाकट्याला दिसत होतं. ताईला आधी सांगावं, निदान 'दुसरीकडे काम बघून ठेव' एवढं तरी म्हणावं, असं त्याला पुन्हा पुन्हा वाटलं होतं. दोनदा त्याने फोन हातात घेतला होता. पण असं एक वाक्यसुद्धा मालकाच्या कानावर गेलं असतं तर सुनावणीचा फज्जा उडाला असता. आणि ताईने आपल्या बायकांपासून ते लपवून ठेवलं नसतं, हे तो पक्कं जाणून होता. म्हणून तो गप्प बसला.

ताईला कळलं ते साखरपेऱ्याकडून. कुलूप लागायच्या दिवशी तो गोदामावर आला होता. सगळ्या बायका ऐकत असताना तो तिला अगदी आदराने म्हणाला, "ताई, साहेब तुमचे सख्खे भाऊच की. एकदा शब्द टाकून बघायचा होतात."

त्या दुपारी धाकट्याच्या दारावर थाप पडली. सुट्टीचा दिवस होता. बायकोने दार उघडलं, "या ताई," म्हणाली, पण ताई आत आली नाही. चपला पायात ठेवून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बोलाव त्याला."

धाकटा आला. त्याने पहिल्यांदा पाहिले ते तिचे हात. पोती शिवायच्या जाड सुईने बोटांना घट्टे पडले होते.

"मी तुझ्याकडे जेवायला आले होते," ताई म्हणाली. "चौकशीला नव्हते आले."

"ताई, आत तर ये."

"तू मला विचारत होतास, तुकड्यांचं काय करता, पोत्यावर काय लिहिलंय. मला वाटलं, माझ्या भावाला माझ्या कामाचं कौतुक आहे. कधी नव्हे ते कुणी तरी माझ्या कामाचं विचारतंय."

"तू सांगितलेलं मी कुठेही लिहिलं नाही. एक अक्षर नाही. मालाची चाचणी झाली, त्यावर निकाल लागला."

"लिहिलं नसशील. पण पोतं उघडायचं तुला सुचलं कुठून?"

त्याला उत्तरं पुष्कळ देता आली असती. पोती अधूनमधून उघडतातच, वरूनच आदेश होता, असं काहीही. समोर दुसरं कुणी असतं तर त्याने दिलंही असतं. पण समोर ती होती.

"तुझ्यामुळे," तो म्हणाला.

ताईने मान हलवली. "बरं झालं, खोटं नाही बोललास," ती म्हणाली. "एक शब्द आधी सांगितला असतास तर मी आमच्या बायकांना सावध केलं असतं. त्यातली एक घर बदलून गोदामाजवळ राहायला आली होती. आता त्या माझ्याकडे कशा बघतात, ते येऊन बघ एकदा."

"ते सांगायला मी मोकळा नव्हतो, ताई."

"असशील. आणि काम खोटं होतं तर बंद पडलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी काय लबाडीवर पोट भरायला निघाले नव्हते. पण ते खोटं होतं हे मला तू सांगायला हवं होतंस. त्या गुळगुळीत माणसाने नव्हे."

एवढं बोलून ती जिना उतरली. गुडघ्यामुळे तिला एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरावी लागायची. धाकटा वरून बघत राहिला. खाली जाऊन हात द्यावा असं त्याला वाटलं, पण तिने तो घेतला नसता.

त्यानंतर ताईचा फोन येत असे, पण बायकोला. धाकटा समोर बसलेला असला तरी बोलणं त्या दोघींचं. मुलांची विचारपूस व्हायची, औषधांचं निघायचं, भाचीला दिवस गेल्याचंही कळलं, पण त्याचं नाव निघायचं नाही. ऑफिसात मात्र त्याचा भाव वधारला होता. चार वाट्यांची गोष्ट मजल्या-मजल्यावर पसरली आणि लोक त्याला फ्रिजपाशी गाठून विचारायचे, आज काय मेनू. एकदा मोठ्या बाई जाता जाता थांबून म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं."

"ते माहीत आहे बाई," तो म्हणाला. "पण त्याने काही हलकं वाटत नाही."

"वाटायचं कारणही नाही," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्याला त्या बोलण्याचा जेवढा आधार वाटला तेवढा कौतुकाचा वाटला नव्हता.

उन्हाळा सरत आला असताना एकदा सकाळी धाकट्याला खालच्या चौकशीच्या खिडकीवरून बोलावणं आलं. एक बाई आल्या आहेत, साखरेचं विचारतात. तो खाली गेला. रांगेत दोन एजंटांच्या मागे ताई उभी होती. त्याने तिला हाताने पुढे यायची खूण केली. ती जागची हलली नाही. पुढच्या दोघांचं आटपेपर्यंत तिने वाट पाहिली, मग खिडकीशी आली आणि पिशवीतून एक प्लास्टिकची पुडी काढून समोर ठेवली.

"साहेब," ती म्हणाली, "हे काय आहे, सांगा."

खिडकीमागचा कारकून दोघांकडे आळीपाळीने बघायला लागला. धाकट्याने पुडी उघडली. आत रंगीत बारीक मोती होते, केकवर पेरतात तसे. त्याने दोन-चार तळहातावर घेतले, एक नखाने फोडला. बाहेर रंग, मग साखर, मधे पिठाचा कण.

"कुठून आणलं?"

"दोन रस्ते पलीकडे कारखाना आहे. बाहेरदेशी पाठवतात. मला बोलावलंय तिथे, छाननीला. आमच्यातल्या आणखी तिघींना पण." ताईने खिडकीच्या कडेवर हात ठेवला. "खोक्यावर लिहितात, साखरेची मिठाई. मी त्यांना म्हटलं, आधी विचारून येते, मग सांगते. यात काही चाळून वेगळं काढण्यासारखं आहे का?"

धाकट्याने आणखी एक मोती फोडला. खरं तर पहिल्या मोत्यालाच त्याचं उत्तर मिळालं होतं, पण त्याला घाई करायची नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "हे एकजीव आहे. साखर, पीठ, रंग, सगळं मिळून एकच वस्तू. मिठाई लिहितात ते बरोबर आहे. कुठल्याही बंदरात नेलं तरी हेच म्हणतील."

"नक्की?"

"नक्की."

ताईने पुडीची घडी घालून ती पिशवीत टाकली. कारकून अजून बघतच होता. ती जायला वळली, मग थांबली.

"तिथे दिवसभर उभं राहावं लागतं," ती म्हणाली. हे 'साहेबां'ना उद्देशून नव्हतं. "स्टूल आणलं तर चालेल म्हणालेत. माझ्या घरच्या स्टुलाचा पाय मोडलाय."

"मी आणतो," धाकटा म्हणाला.

"उंच हवं. टेबल उंच आहे."

पुढच्या आठवड्यात त्याने सुतारवाड्यात फिरून एक स्टूल पसंत केलं आणि बसमधून मांडीवर घेऊन गेला. बसमधल्या माणसांनी त्याला चांगलंच सुनावलं. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने आत निरोप पाठवला. थोड्या वेळाने ताई बाहेर आली. केसांवर कागदी टोपी, बाहीवर गुलाबी-पिवळे कण, मागे गोदामातल्या ओळखीच्या दोन बायका. त्या बायकांनी धाकट्याकडे पाहिलं आणि न बोलता आत गेल्या.

ताईने स्टूल तिथेच रस्त्यावर ठेवलं, हलवून पाहिलं, मग त्यावर बसून पाहिलं. पाय जरा अधांतरी राहत होते.

"जास्तच उंच आणलंस," ती म्हणाली.

"कापून आणतो थोडं."

"नको, राहू दे." ती उतरली आणि स्टूल काखेत मारून निघाली. "तीन इंच कापायला सांगितले तर तू पाच कापून आणशील. मी बघते इथेच कुणी तरी."

फाटकाच्या आत गेल्यावर ती मागे वळली. "ए धाकट्या," तिने हाक मारली, "जेवलास का?"

"नाही अजून."

"मग जा आता. वेळेवर जेव," ती म्हणाली, आणि टेबलाकडे गेली.